पहिला फ्लाय बांधताना: खाडीतल्या जिताड्यासाठी क्लाउझर, पायरीपायरीने

गेल्या पावसाळ्यात ओळखीच्या चार-पाच जणांनी आपापले पहिले फ्लाय, म्हणजे गरीवर (गळाच्या आकड्यावर) केस आणि दोरा बांधून केलेली खोटी आमिषं, दाखवायला आणले. कुणाचा पाण्यात गरगर फिरत होता, कुणाचे केस तिसऱ्या फेकीला गळाले, एकाला तर नेढ्यातून तंगूसच (गळाची नायलॉनची दोरी) ओवता येईना. सगळे फ्लाय टेबलावर शेजारी मांडले तेव्हा दोष तेच ते निघाले: केस भरमसाट, डोळे सैल, नेढ्यापाशी जागाच शिल्लक नाही. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले होते. पण व्हिडिओतल्या माणसाचा हात बसलेला असतो. तयारी तो दाखवत नाही आणि खरी गोम असते तिथे दोन सेकंदही थांबत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

इथे एकच फ्लाय घेतला आहे, क्लाउझर मिनो. धातूचे जड डोळे आणि दोन रंगांचे केस, बस्स. पाण्यात तो लहान माशासारखा खालीवर उसळत जातो. रंग आणि आकार बदलला की हाच फ्लाय खाडीतल्या जिताड्याला (तळकोकणात चोणक), तांबोशीला आणि खडपातल्या गोबऱ्यालाही चालतो. माझं म्हणणं एवढंच, की पहिले १२ फ्लाय याच एका नमुन्याचे, एकाच आकाराच्या गरीवर, सलग बांधा. पहिले ४ फुकट जातील असं धरून चला.

आधी शब्द ठरवून घेऊ. गरीच्या ज्या भोकात दोरी ओवतात ते नेढं. सरळ भाग म्हणजे दांडी, वाकलेला तो बाक, टोकामागे उलटा फुटलेला तो काटा. ‘डोळे’ म्हटलं की दांडीवर बांधायचे धातूचे दोन मणी. गरीच्या भोकालाही काहीजण डोळा म्हणतात आणि मग सूचना वाचताना सगळा घोळ होतो.

१. सामान: काय विकत घ्यायचं, काय घरात मिळतं

विकत घ्यायची हत्यारं तीनच: व्हाइस (गरी घट्ट पकडून ठेवणारा शिकंजा), बॉबिन होल्डर (रीळ धरून नळीतून दोरा सोडणारा चिमटा) आणि बारीक टोकाची कात्री. व्हाइस महागाचा नको, पण जबडा घट्ट असावा. दुकानात गरी लावून अंगठ्याने दाबून बघा. गरी घसरली तर तो व्हाइस घेऊ नका. बॉबिन होल्डरच्या नळीची कड गुळगुळीत हवी. खरबरीत नळी दोरा कापते आणि आपल्याला वाटतं आपलाच हात जड आहे.

कात्री फक्त केस आणि दोऱ्यासाठी ठेवा. तार, तंगूस, मण्यांची साखळी तिने कापाल तर आठवड्यात बोथट होईल. त्यासाठी पक्कड-कटर वेगळं.

गरी १/० आकाराची घ्या. गरीच्या आकड्यांचा गोंधळ नवख्यांना हमखास होतो: ६, ४, २, १ असा आकडा उतरत जातो तशी गरी मोठी होते, आणि पुढे १/०, २/०, ३/० असा चढत जातो तशीही मोठीच होते. म्हणजे २ आणि २/० यांत बराच फरक आहे. बंदरावरच्या दुकानात मिळणाऱ्या कित्येक गऱ्यांना नेढं नसतं, नुसता चपटा माथा असतो. त्या आपल्या कामाच्या नाहीत. नेढ्याचीच मागा, आणि स्टेनलेस किंवा कथिलाचा मुलामा दिलेली मागा.

दोरा फ्लायसाठीचाच मिळाला तर १४० किंवा २१० डेनियरचा (डेनियर म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप). नाहीच मिळाला तर शिंप्याकडचा बारीक पॉलिएस्टर दोरा सरावाला चालतो. तो गोल पिळाचा असल्यामुळे डोकं थोडं जाड होतं, इतकंच. सुती दोरा मात्र नको, खाऱ्या पाण्यात तो कुजतो.

डोळ्यांसाठी बाजारात डंबेलच्या आकाराचे तयार डोळे मिळतात. पहिल्या १२ फ्लायना त्यांची गरज नाही. वॉशबेसिनच्या बुचाला लावतात ती मण्यांची साखळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तिचे दोन-दोन मण्यांचे तुकडे कापले की डोळे तयार. कंबरभर पाण्याच्या खाडीला एवढं वजन पुरतं. घेताना लोहचुंबक लावून बघा. चिकटली तर आत लोखंड असण्याचा संभव जास्त, आणि ते महिनाभरात गंजेल. पितळेची साखळी चिकटत नाही.

चमकीसाठी गणपतीच्या मखरातल्या उरलेल्या प्लॅस्टिकच्या झिरमिळ्या उत्तम. जुन्या साडीची खरी जर वापरायचा मोह होतो, पण ती खाऱ्या पाण्यात काळी पडते.

शिवाय मेणाचा तुकडा, नेलपॉलिश, झटपट चिकटणारा डिंक, जुना दात घासायचा ब्रश आणि एक सुई.

सावध: तयार डंबेल डोळे बरेचदा शिशाचे असतात. हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका, आणि पोरांच्या हाती लागू देऊ नका.

२. केस: निवडणं, धुणं, रंगवणं

परदेशी पुस्तकांत या फ्लायला हरणाच्या शेपटीचे केस सांगतात. ते वाचून कुणाकडून भेकराची शेपटी, शेकरूचं शेपूट किंवा रानकोंबड्याची मान मागवू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली हे सगळे प्राणी संरक्षित आहेत आणि ‘मेलेलं सापडलं होतं’ ही सबब चालत नाही. मुंगसाच्या केसांचंही तेच.

आपल्याकडे बोकड आहे. खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर तो दाढीचे आणि शेपटीचे केस बाजूला ठेवतो. पाठीवरचे आखूड केस नकोत. ७ ते १० सेंटीमीटर लांबीचे, बोटांत धरले तर किंचित ताठ राहणारे हवेत. फार मऊ केस पाण्यात छान हलतात खरे, पण फेकताना बाकाला गुंडाळतात आणि मग मासा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. कातड्यासकट आणू नका, नुसते केस कापून आणा. कातडं वाळवायचं, मीठ लावायचं हा उद्योग नवख्याने करू नये. घरभर वास सुटतो.

केस दोऱ्याने सैल जुडी बांधून कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने दोनदा धुवा. चरबी राहिली तर रंग धरत नाही आणि दोऱ्याखालून केस निसटतात. सावलीत वाळवा. वाळल्यावर हवाबंद पिशवीत घालून चार-पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे कसरीची अंडी असतील तर मरतात. आमच्या घरी या पायरीवरून एकदा चांगलंच वाजलं होतं, तेव्हा पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा आणि आइस्क्रीमच्या डब्याशेजारी ठेवू नका.

पांढरे केस तसेच वापरायचे. पाठीसाठी थोडे रंगवायचे. खाण्याचा रंग, वाटीभर व्हिनेगर आणि वाफाळतं पाणी यांत केस अर्धा तास बुडवा, मग थंड पाण्यात खळबळा. पाणी उकळतं नको, केस वेडेवाकडे होतात. पिवळ्यात हिरव्याचा थेंबभर टाकलात तर पोपटी येतो, खाडीच्या गढूळ पाण्यात हा रंग चांगला उठून दिसतो. हळदीत बुडवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. देऊ दे. हळदीचा रंग दोन उन्हांत उडतो.

बोकड नकोच असेल त्यांनी टेडी बेअरची लांब केसांची फर वापरावी. तिला ताठपणा कमी, म्हणून तुकडा आखूड घ्यायचा.

तपासा: वाळलेल्या केसांची चिमूट कागदावर घासा. तेलकट डाग उमटला तर पुन्हा धुवा.

३. बसायची जागा

खिडकीपाशी, उजेड डाव्या खांद्यावरून येईल असं बसा. टेबलावर पांढरा कागद अंथरा, त्यावर गरी आणि केस स्पष्ट दिसतात. पंखा बंद. हे जूनमध्ये सांगणं म्हणजे छळ आहे, पण पंख्याखाली केस मोजून घेता येत नाहीत आणि डाळीच्या पातेल्यात सापडतात. घामेजलेले हात पुसायला पंचा मांडीवर ठेवा, ओल्या बोटांना केस चिकटून जागचे हलतात.

जून-जुलैत यांत्रिक होड्या बंदीमुळे किनाऱ्याला लागलेल्या असतात, खाडी लालगढूळ असते. बांधायला हेच दिवस. दमट हवेचा एक जाच मात्र आहे: झटपट डिंक हवेतल्या ओलाव्यानेच आळतो, म्हणून पावसाळ्यात तो बोटांवर नेहमीपेक्षा लवकर धरतो आणि उघडी राहिलेली बाटली दुसऱ्या दिवशी दगड होते. काम झालं की टोपण घट्ट लावून डबीत घाला.

४. गरी तयार करणं

बांधायच्या आधी तीन गोष्टी, याच क्रमाने.

पहिली, काटा दाबा. चपट्या तोंडाच्या पकडीने, पक्कड टोकाच्या दिशेत ठेवून, हळूच. आडवी पक्कड लावली तर टोकच मोडतं. काटा दाबलेली गरी माशाच्या तोंडातून सहज निघते. स्वतःच्या मानेतूनही निघते. हे अनुभवाचे बोल आहेत. फ्लाय पूर्ण झाल्यावर काटा दाबायला गेलात आणि गरी मोडली तर अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात, म्हणून हे आधी.

दुसरी, टोक नखावर टेकवून ओढा. घसरलं तर बोथट आहे, बारीक कानसेने दोन-चारदा घासा.

तिसरी, नेढं बघा. कुठे फट राहिली असेल तर ती गरी सरावाला ठेवा, तंगूस त्या फटीतून निसटतो.

आता गरी व्हाइसमध्ये बाकाच्या खालच्या भागाला पकडा. टोक जबड्यात लपवू नका, तिथे दाब येऊन गरी कमकुवत होते. दांडी आडवी, जमिनीला समांतर. बोटाने नेढ्यावर दाबा: गरी लवली पाहिजे, फिरता कामा नये.

५. दोऱ्याशी ओळख (ही पायरी कुणीच करत नाही)

पहिल्या दिवशी फ्लाय बांधूच नका. रिकाम्या गरीवर दोरा गुंडाळा आणि मुद्दाम तुटेपर्यंत ओढा. पाच-सहा वेळा तोडला की हाताला कळतं, कुठवर ताणता येतो. बांधताना ताण त्या हद्दीच्या जरा अलीकडे, आणि शेवटपर्यंत तसाच. नवख्यांचे केस गळतात त्याचं कारण बहुतेकदा हेच: पहिले वेढे घट्ट, मग केस पकडण्याच्या नादात हात सैल, मग पुन्हा घट्ट. सैल वेढ्यावर घट्ट वेढा चढवला तर खालचा तसाच सैल राहतो.

दोरा सुरू करताना नेढ्यामागून सुरू करा. मोकळं टोक डाव्या हातात दांडीच्या मागच्या बाजूला धरून ठेवा. उजव्या हाताने, आपल्यापासून दूर वरून खाली, पाच वेढे बाकाच्या दिशेने त्याच टोकावर चढवा. टोक आपोआप दाबलं जातं, गाठ लागत नाही. उरलेलं टोक कापा. डावखुऱ्यांनी सगळं उलट धरावं.

आता बॉबिन सोडून द्या, नुसता लोंबकळू दे. दोरा उलगडला नाही, तर झालं. हे १० वेळा करा, सोडवा, पुन्हा करा.

६. पाया घालणं

दोरा नेढ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी सोडून मागे न्या. ही जागा हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा दोन मिलिमीटर आहे. पहिल्या वेढ्यालाच ती सोडली नाही तर शेवटी केसांची बुडखं, दोऱ्याची गाठ आणि डिंक हे सगळं नेढ्यात घुसतं. हवं तर तिथे स्केच पेनने खूण करा आणि त्या खुणेपुढे दोरा न्यायचा नाही अशी शपथ घ्या.

वेढे एकमेकांना चिकटून, एकावर एक न चढवता, गरीच्या टोकाच्या वर येईपर्यंत न्या आणि परत पुढे आणा. नुसत्या गुळगुळीत दांडीवर डोळे आणि केस फिरतात. दोऱ्याचा थर त्यांना धरून ठेवतो. दोऱ्याला मेण ओढलं तर पकड आणखी चांगली येते.

७. डोळे बसवणं

निम्मे फ्लाय इथेच बिघडतात, म्हणून इथे सावकाश.

जागा आधी ठरवा: नेढ्यापासून मागे, दांडीच्या एक तृतीयांश अंतरावर. पुढे सरकवले तर डोक्याला जागा उरत नाही. त्या ठिकाणी दोऱ्याचे पाच-सहा वेढे एकावर एक घालून छोटा उंचवटा करा, डोळे त्याला टेकून बसतील.

डोळे दांडीच्या वर ठेवा, म्हणजे गरीचं टोक ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूला. वजन वर बांधल्यामुळे पाण्यात गरी उलटी होते आणि टोक आकाशाकडे राहतं. तिवराच्या मुळांत आणि कालवं लागलेल्या खडकांत गरी कमी अडकते ती यामुळेच. टोकाच्या बाजूलाच डोळे बांधून ‘फ्लाय तळाला अडकतो’ म्हणणारे मी पाहिले आहेत.

डोळे तिरपे धरून पहिले चार वेढे एका तिरक्या दिशेने, मग सरळ करून चार वेढे दुसऱ्या तिरक्या दिशेने. वरून फुलीसारखा आकार दिसेल. अशा दहा-बारा फुल्या होईपर्यंत चालू ठेवा. एवढ्यावर थांबू नका. आता दोरा डोळ्यांच्या खालून आणि दांडीच्या वरून, खांबाला दोरी गुंडाळावी तसा आडवा, आठ-दहा वेळा फिरवा. या आडव्या वेढ्यांनी फुल्यांचे सगळे वेढे आवळले जातात. डोळे खरे घट्ट होतात ते यानेच, आणि हीच गोष्ट व्हिडिओत डोळ्यांसमोरून निसटते.

डिंकाचा एकच थेंब सुईच्या टोकाने सोडा. बाटलीतून थेट नको, तो नेढ्यापर्यंत वाहत जातो.

तपासा: डिंक वाळल्यावर डोळे चिमटीत धरून पिळा. जरा जरी हलले तर पुढे जाऊ नका, सोडवून पुन्हा बांधा. समोरून बघा, दोन्ही मणी एका पातळीत आहेत ना? एक वर एक खाली असेल तर फ्लाय पाण्यात कुशीवर पोहेल.

मला विचाराल तर पहिल्या बैठकीत १२ गऱ्यांवर नुसते डोळे बांधून ठेवावेत आणि केसांना दुसऱ्या दिवशी हात लावावा. एकच काम लागोपाठ केलं की हात बसतो, डिंकही नीट वाळतो.

८. पोटाचे पांढरे केस

केस किती घ्यायचे? जुडी पिळून धरली तर दोन काडेपेटीच्या काड्यांएवढी जाड. ‘एवढेसेच?’ असं वाटलं तर प्रमाण बरोबर आहे. कोरडे केस बिचारे दिसतात, पाण्यात पसरून शरीर धरतात. दाट फ्लाय सावकाश बुडतो, फेकताना हवा खातो आणि पाण्यात बोळ्यासारखा दिसतो. लहान मासा खाडीत जवळजवळ पारदर्शक असतो.

जुडीची टोकं चिमटीत धरून बुडखा ब्रशने विंचरा. आतली लव आणि आखूड केस निघून जाऊ देत. ते राहिले तर बांधणीच्या जागी नुसता फुगवटा होतो.

लांबी पूर्ण गरीच्या सव्वादोन ते अडीच पट. मोजून घ्या, अंदाजाने नको. बुडखा बांधण्याआधीच तिरपा कापा. सरळ कापलात तर डोक्याशी पायरी पडते आणि दोरा तिथून घसरत राहतो.

दोरा डोळ्यांच्या पुढे आणा. केसांचा बुडखा डोळे आणि नेढं यांच्या मधे, दांडीच्या वर (डोळे ज्या बाजूला आहेत त्याच बाजूला) ठेवा. इथे चिमूट-वेढा शिका: डाव्या अंगठा-तर्जनीच्या चिमटीत केस आणि दांडी एकत्र धरायची, दोरा चिमटीच्या आतून सैल वर न्यायचा, पलीकडून खाली आणायचा, आणि मग सरळ खाली ओढायचा. चिमूट सुटू द्यायची नाही. असे तीन वेढे झाले की मगच बोटं काढा. चिमूट न धरता नुसता वेढा मारला तर दोरा केसांना सोबत घेऊन दांडीभोवती फिरतो आणि पोट बगलेत जातं.

बुडखा गुंडाळून झाला की केस दोन डोळ्यांच्या मधल्या खाचेतून मागे न्या. दोरा डोळ्यांखालून मागे आणा आणि डोळ्यांच्या लगेच मागे केस चार-पाच वेढ्यांनी दांडीवर दाबा. मग दोरा परत पुढे.

सावध: हे मागचे वेढे हलक्या हाताने. आवळले तर केस पिसाऱ्यासारखे फुलतात. बाकापर्यंत बांधत नेऊ नका, नाहीतर फ्लायची शेपटी काठीसारखी ताठ होते.

९. गरी उलटी करून चमक आणि पाठ

व्हाइसमधून गरी काढा आणि टोक वर येईल अशी लावा. व्हाइस गोल फिरणारा असेल तर नुसता फिरवा. उलटं न करता वरच सगळे केस बांधणं ही दुसरी मोठी चूक. मग पाठीचा रंग पोटाखाली जातो.

चमकीच्या तीन-चार झिरमिळ्या घ्या. मध्यावर दोऱ्याभोवती दुमडून डोळ्यांच्या पुढे बांधा, म्हणजे सहा-आठ लोंबतील आणि एकही निसटणार नाही. टोकं केसांपेक्षा बोटाच्या पेरभर लांब ठेवा आणि सारख्या मापाची कापू नका. जास्त चमक घातलेला फ्लाय दुकानात विकला जातो, गढूळ पाण्यात चालतोही. पण दिवाळीनंतर पाणी निवळलं की मासे त्याला बिचकतात, असा माझा अनुभव आहे.

आता पाठीचे पोपटी केस. जाडी पोटाएवढीच किंवा किंचित कमी, लांबी तेवढीच. डोळ्यांच्या पुढे, चिमूट-वेढ्याने. हे केस डोळ्यांच्या मागे बांधायचे नाहीत, मोकळे सोडायचे. ते गरीच्या टोकावर पडतात, टोक झाकतात आणि अडकण्यापासून आणखी थोडं वाचवतात.

रंगाच्या जोड्या मी तीनच वापरतो. पांढरा-पोपटी कायमचा. पाणी फारच गढूळ असेल तर पांढऱ्यावर काळा, कारण गढूळ पाण्यात खालून बघणाऱ्याला काळी सावली ठळक दिसते. करंदीच्या (बारीक कोळंबीच्या) दिवसांत तपकिरीवर फिकट नारिंगी. बाकी प्रयोग बारावा फ्लाय झाल्यावर.

१०. डोकं आणि गाठ

डोळे ते नेढं एवढ्या भागात दोऱ्याने निमुळतं डोकं करा. केसांचं एकही बुडूख बाहेर डोकावू देऊ नका. बॉबिन हातात असताना नेढं अजून मोकळं दिसतंय ना, बघा. नसेल तर शेवटचे वेढे सोडवून मागे घ्या, आताच वेळ आहे.

शेवटच्या गाठीला व्हिप फिनिश म्हणतात. त्याचं हत्यार मिळतं, पण ते फिरवायला शिकण्यातच दोन दिवस जातात. नवख्याला सोपी रीत अशी: बारीक तंगूसचा फास करा. फासाची गोल बाजू नेढ्याकडे, दोन्ही टोकं मागे केसांकडे, असा तो डोक्यावर आडवा ठेवा. त्याच्यावरून दोऱ्याचे सहा वेढे मागून नेढ्याकडे घट्ट घाला. बोटाने दाबून ठेवून दोरा चार बोटं लांब कापा, ते टोक फासातून ओवा आणि तंगूसची टोकं मागे ओढा. दोरा वेढ्यांखालून ओढला जातो आणि अडकतो. उरलेलं टोक कापा. मासेमारीच्या काठीवर कड्या बांधणाऱ्यांना ही रीत पाठ असते.

मग डोक्यावर नेलपॉलिशचे दोन हात, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. पावसाळ्यात पहिला हात रात्रभर राहू द्या, दमट हवेत तो दुधाळ पडतो आणि वरून कोरडा वाटला तरी आत ओला असतो. दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी डिंक आणखी टिकतो, पण नवख्याच्या हातून त्याचा थेंब केसांत ओघळतोच. पहिल्या डझनाला नेलपॉलिश पुरे.

तपासा: वाळण्याआधी सुई नेढ्यातून आरपार घाला आणि अडकलेला थेंब काढा. वाळल्यावर टोचत बसाल तर डोक्याला भेग जाते.

११. बालदीतली परीक्षा

फ्लाय डबीत टाकायच्या आधी बालदीत बघायचाच. हातभर तंगूस बांधा, फ्लाय भिजू द्या, आणि वीतभर ओढून सोडा, पुन्हा ओढा. तीन गोष्टी बघायच्या.

टोक वर आहे का? नसेल तर डोळे हलके आहेत किंवा खालच्या बाजूला बांधले गेलेत. कुशीवर झुकतो का? डोळे तिरपे आहेत. डिंक कच्चा असेल तर अजून वळवता येतात. गरगर फिरतो का? केस एका बाजूला जास्त गेलेत. तिसऱ्या दोषाला एक इलाज आहे, जाड बाजूचे केस कात्रीने विरळ करायचे, आडवे न कापता बुडातून उपटल्यासारखे एकेक. टोकं छाटून फ्लाय ‘नीटनेटका’ करू नका, निमुळती टोकं गेली की पाण्यातलं हलणं गेलं.

मग केस चिमटीत धरून ओढा. एक-दोन सुटले तर चालेल. जुडीच हलली तर हा फ्लाय सरावाचा. ब्लेडने सगळं कापून गरी पुन्हा वापरा. गरी आणि डोळे फुकट जात नाहीत.

१२. पाण्यावर नेताना

फ्लायला तंगूस आवळून बांधू नका, छोटा न सरकणारा फास ठेवून बांधा. आवळलेल्या गाठीने त्याची उसळी मरते. जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड पात्यासारखी असते, म्हणून शेवटचा हातभर तंगूस ३० ते ४० पाउंडांचा ताण सोसणारा लावा.

जड डोळ्यांचा फ्लाय फेकताना टोपी आणि चष्मा हवाच. दोरीचा फेरा नेहमीपेक्षा मोठा ठेवा आणि घाई करू नका. धातूचे डोळे काठीच्या टोकाला आपटले तर त्या जागी काठी कधीतरी नंतर, चांगला मासा लागल्यावर मोडते.

घरी आल्यावर फ्लाय गोड्या पाण्यात खळबळा, ब्रशने विंचरा आणि पूर्ण वाळू द्या. ओला फ्लाय डबीत गेला तर एका गरीचा गंज शेजारच्या चार फ्लायच्या पांढऱ्या पोटांवर उतरतो. डबीत बुटांच्या खोक्यातल्या किंवा औषधांच्या बाटलीतल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. उरलेल्या केसांच्या पिशवीत डांबरगोळी ठेवा, पण फ्लायच्या डबीत नको. तो वास फ्लायला धरतो, आणि नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा खाडीवर जाल तेव्हा जिताड्याला कपाटातल्या शालूचा वास देण्यात काही हशील नाही.